रोज सलग एक तास : हिरावाडी ते अंबड, प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दिवाळी झाली, फराळाचे डबे घासून फळीवर गेले, आता सुरू करायला हरकत नाही.

प्रकल्प असा की दिवसातून सलग एक तास मला एकटीला मिळाला पाहिजे. दहा मिनिटं इथं, पंधरा तिथं असं नको, सलग. त्या तासात तू करणार काय हे घरात सगळ्यांनी विचारून झालंय आणि मी सांगितलेलं नाही. चांगलं कारण दाखवल्यावरच मिळणार असेल तर ती रजाच झाली, ती मी ऑफिसात मागते तेवढी पुरे.

परिस्थिती अशी. घर नाशिकला हिरावाडीत, नोकरी अंबड एमआयडीसीत, स्टोअर्स आणि परचेस, नऊ ते साडेपाच, सुट्टी रविवारची. नवरा सातपूरला कारखान्यात, शिफ्ट दर आठवड्याला फिरते त्यामुळे घराचं वेळापत्रकही दर आठवड्याला फिरतं. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, सासूबाई सोबत. पाणी पहाटे साडेपाचला.

वेळ मोजायची पद्धत सरकारकडून उचललीय. केंद्राच्या सांख्यिकी खात्याचं वेळवापर सर्वेक्षण असतं, देशभरातलं पहिलं २०१९ ला झालं, नंतरचं २०२४ ला. त्यात माणसाला पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असे चोवीस तास विचारतात आणि अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने भरतात. पहाटे चारपासून मोजायचं हे मला एकदम पटलं, कारण ह्यांची सेकंड शिफ्ट असली की रात्री बाराला माझा दिवस संपलेला नसतो, ताट वाढायचं राहिलेलं असतं. गेल्या वर्षीच्या कोऱ्या डायरीत ४८ रकाने आखले. खर्च शून्य.

९ नोव्हेंबर, रविवार

आठवडा बराचसा वाया. दिवसा लिहायला वेळ नाही म्हणून रात्री आठवून भरायचं, आणि आठवून भरलं की "७ ते ७.३० स्वयंपाक" असं गोंडस निघतं. प्रत्यक्षात त्या अर्ध्या तासात काय होतं तर भाजी फोडणीला, मुलाचा एक मोजा शोधणं, रिक्षावाल्या काकांचा फोन, ह्यांचं गेटपासचं कार्ड, आईंची बीपीची गोळी काल संपलीय हे आज कळणं आणि तेवढ्यात भाजी खाली लागणं. सर्वेक्षणवाले एका रकान्यात तीनपर्यंत कामं लिहून घेतात पण ती दहा मिनिटांची तरी असावी लागतात. माझी सकाळची निम्मी कामं दहा मिनिटांच्या आतली, म्हणजे सरकारी हिशोबात मी ती केलीच नाहीत.

दुरुस्ती केली ती अशी की व्हॉट्सअॅपवर स्वतःचाच नंबर वर पिन केला आणि जे काम हातात घेईन ते बोलून टाकायचं. कणकेचे हात असले तरी नाकाने बटण दाबता येतं, खरंच. रात्री ते ऐकून डायरीत उतरवायचं. उतरवायलाच वीस मिनिटं जातात, त्यामुळे हे कायमचं करायचं नाही, एक आठवडा बास.

शिवाय घरातल्या सगळ्यांना एकेक कागद दिला. मुलीने रंगीत पेनांनी भरला. ह्यांनी दोन दिवस भरला आणि मग "कालच्यासारखंच" असं लिहिलं. आई नको म्हणाल्या, मग नातीने त्यांना विचारून विचारून भरला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आकडे हातात आले.

कामाच्या दिवशी माझं घरकाम साडेचार-पाच तासांच्या घरात. २०२४ च्या सर्वेक्षणात बायकांचं दिवसाचं सरासरी बिनपगारी घरकाम २८९ मिनिटं आणि पुरुषांचं ८८. २०१९ ला बायकांचं २९९ होतं, म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली, सगळ्यांचं अभिनंदन. पुरुषांचं तेव्हा ९७ होतं ते ८८ झालं, म्हणजे त्यांनीही वाचवली. आणि ते ८८ पण फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्या पुरुषांचे, ज्यांनी इकडची काडी तिकडे केली नाही ते त्या सरासरीत धरलेलेच नाहीत. हे मी वाचून दाखवल्यावर हे म्हणाले, मग मी सरासरीच्या वर आहे की. त्यांचाच कागद त्यांच्या पुढे ठेवला. मग चहा त्यांनी केला.

दोन गोष्टी मला आधी माहीत नव्हत्या. एक, आईंचा कागद. माझ्या डोक्यात सुरुवातीचा प्लॅन असा होता की भाजी निवडणं आणि संध्याकाळचा कुकर आईंकडे द्यायचा, त्या घरीच असतात ना. कागदावर पहाटे साडेपाचपासून पाणी भरणं, दूध, देवपूजा, दुपारी नातू आला की त्याला वाढणं, त्याचा अभ्यास, वाळलेले कपडे, हे सगळं आधीच होतं, दुपारचे दीड-दोन तास सोडले तर सलग रिकामं काही नाही. आणि वय एकाहत्तर. त्यांच्यातून माझा तास काढायचा तर ती नुसती उसनवारी. प्लॅन रद्द, त्यांच्याकडचं एखादं काम उलट कमी करता आलं तर बघायचं.

दुसरी म्हणजे ओट्याशी जाणारा वेळ मला वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला. जास्त वेळ जातो तो काय आहे, काय संपलंय, कुणाला काय लागणार, कुणाला सांगितलं, त्याने केलं का, ह्याच्यात. हे रकान्यात लिहिता येत नाही कारण हे गाडी चालवतानाही चालू असतं. माझ्या व्हॉइस मेसेजमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द "अरे हो" आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

रविवारची तयारी. हे सगळीकडे सांगतात, आठवड्याची तयारी एकदम करून ठेवा म्हणून. मागच्या रविवारी मुहूर्त केला, आज निकाल लिहितेय.

भांडीबाजारातून घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे आणले, मोठे चार छोटे सहा, ११६० रुपये. भाजी बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून आणायचा विचार होता पण अंबडवरून येईपर्यंत अंधार पडतो, म्हणून शनिवारी कोपऱ्यावरच्या मावशींकडून घेतली, थोडी महाग पडली. मग रविवारी सकाळी दहाला बसले ते दोन वाजून गेले.

काय बिघडलं ते आधी. चिरलेला कांदा मंगळवारी सगळ्या फ्रीजला वास लावून बसला, दुधाच्या पातेल्यालासुद्धा, दोन वेळचा चहा ओतावा लागला. मेथी धुऊन ठेवली होती, बुधवारी काळी आणि बुळबुळीत. वांगी चिरून ठेवायची नाहीतच, बटाटाही नाही, पाण्यात ठेवला तर काळा पडत नाही पण चार दिवस पाण्यात ठेवून त्यात राहतं काय. कणीक वरून तेलाचा हात लावून ठेवली तरी दुसऱ्या दिवशी करडी पडली आणि पोळ्या वातड, मुलाने डबा परत आणला. मटकीला मोड येईनात. इतर वेळी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड तयार, पण सध्या नाशिकची थंडी, ओट्यावर ठेवलेली मटकी दीड दिवस जशीच्या तशी. शेवटी आईंनी ती पुरचुंडी जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली तेव्हा कुठे आले.

टिकलं ते हे. सोललेला लसूण, अजिबात पाणी न लावता, कोरड्या डब्यात खाली कागद घालून. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, चार-पाच दिवस फ्रीजमध्ये, जास्तीचं बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझरला, लागेल तसा एकेक ठोकळा काढायचा. मेथी न धुता निवडून कागदात गुंडाळून, ती तीन दिवस राहते. दाण्याचं कूट. बास.

आता हिशोब. रविवारचे चार तास घातले आणि रोजची पंचवीस मिनिटं वाचली. सहा दिवसांची अडीच तास. म्हणजे दीड तास मी खिशातून घातला आणि तोही सुट्टीच्या दिवसाचा. हे गणित कुणी सांगत नाही. वरच्या चार गोष्टीच ठेवल्या तर तासाभरात उरकतं आणि रोजचं वाचतं तरी जवळजवळ तेवढंच, कारण सकाळी खरा खोळंबा लसूण आणि वाटणाचाच असतो, भाजी चिरायला कितीसा वेळ लागतो. डब्यातले चार छोटे पडून आहेत, बटणं-सुया ठेवल्यात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सकाळची मांडणी, संध्याकाळची पूजा, उपास त्यामुळे दोन प्रकारचे डबे. आठवड्याच्या तक्त्यातला आजचा दिवस पूर्ण कोसळला. तक्ता सहा दिवसांचा करत होते तो आता पाचाचा केलाय, एक दिवस मुद्दाम रिकामा, त्या दिवशी जे कोसळेल ते कोसळेल. नाशिकला राहून कॅलेंडरवर काहीच नाही असा आठवडा मी तरी बघितलेला नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

साडेचारचा गजर लावून बघितला. तास मिळाला, पण बोचऱ्या थंडीत अंधारात स्वेटर घालून बसायचं आणि कुकरची शिट्टी नको, मिक्सर नको, लोक झोपलेत. दुपारी तीनला ऑफिसात डोळे मिटायला लागले आणि एका चलनावर ५० ऐवजी ५०० नग चढवले, सप्लायरच्याच माणसाने दाखवलं म्हणून वाचले. झोपेतून काढलेला तास प्रकल्पात धरायचा नाही असा नियम केला. साडेपाचला पाण्यासाठी उठायचं तेच पुरे.

ऑफिसचंही इथंच लिहून टाकते. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती असं टायमर लावून करायचं तंत्र आहे, फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकात काढलेलं, ते चार दिवस केलं. स्टोअर्समध्ये जमत नाही. गेटवर छोटा हत्ती उभा, ड्रायव्हर हातात चलन घेऊन डोक्यावर, त्याला सांगणार का की भाऊ माझी अजून अकरा मिनिटं बाकी आहेत. त्याऐवजी असं केलं की माल उतरवून सही लगेच द्यायची पण सिस्टिममध्ये एंट्री साडेअकरा आणि चारला, दोनदाच, एकगठ्ठा. दर वेळी उठबस करून स्क्रीन उघडणं वाचलं आणि आता बरेचदा साडेपाचला खरंच साडेपाचला निघता येतं. आधी सहा-सव्वासहा व्हायचे. हा पहिला मोठा फायदा आणि तो घरातून नाही आला हे लक्षात ठेवावं.

१४ डिसेंबर, रविवार

ही नोंद मोठी आहे, घाई असेल तर बाकीच्या सोडा पण ही वाचा.

आमच्याकडे हे मदत करतात, नाही म्हणणार नाही. पण पद्धत अशी की "मला सांग काय करायचं, मी करतो." मग मी सांगणार, दूध आणा. कुठलं, किती, पैसे गुगल पेने का रोख, आणि दही पण आणू का. हे सगळं सांगेपर्यंत मी खाली जाऊन आले असते. सोळा तारखेच्या नोंदीतलं जे "अरे हो" आहे ते माझ्याकडेच राहतं, फक्त पाय त्यांचे चालतात.

म्हणून एक तारखेपासून कामं वाटली नाहीत, खाती वाटली. दूध खातं मुलीकडे, म्हणजे किती घ्यायचं, उद्या पाहुणे आहेत का, महिन्याचं बिल, सगळं. शाळा खातं ह्यांच्याकडे. दोन्ही मुलांच्या शाळेच्या ग्रुपमध्ये ह्यांचा नंबर घातला आणि मी बाहेर पडले. हे बाहेर पडणं महत्त्वाचं, मी ग्रुपमध्ये राहिले असते तर वाचलंच असतं आणि वाचलं की सांगितलंच असतं. गॅस आणि औषधं खातं आईंनी स्वतः मागून घेतलं, मी द्यायला तयार नव्हते, पण त्या म्हणाल्या की माझी गोळी संपली हे मला तुझ्या आधी कळतं. खरंय. बदल्यात दुपारच्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या मुलं करणार.

आता काय झालं ते. मंगळवारी रात्री साडेनऊला मुलगा म्हणाला की उद्या मॉडेल न्यायचंय, सौरमंडळ. ग्रुपवर तीन दिवस आधी आलं होतं. ह्यांनी वाचलं होतं, अंगठा पण दिला होता, पण तो मेसेज आपल्याला काहीतरी करायला सांगतोय हे त्यांच्या डोक्यात उतरलंच नाही. पोर रडवेलं, आई माझ्याकडे बघतायत, हे पण माझ्याकडे बघतायत. माझ्या हातात चार्टपेपर कुठं मिळेल ते माहीत होतं, कोणतं दुकान दहापर्यंत उघडं असतं तेही. मी उठले नाही. फार कठीण गेलं, सरळ सांगते, ओट्यावर कापड फिरवत उभी राहिले आणि तीच जागा परत परत पुसली. हे गाडी काढून गेले, थर्माकोलचे गोळे आणले, बाराला गुरू आणि शनी रंगवून झाले, कडं पुठ्ठ्याचं. सकाळी ते वाकडं झालं होतं, तसंच गेलं. शाळेत कुणी काही बोललं नाही.

आईंचं म्हणणं पडलं की लेकरावर असले प्रयोग करू नयेत. त्यांचं चूक नाही. म्हणून दुरुस्ती केली की शाळेचा मेसेज आला की ह्यांनी लगेच फ्रीजवरच्या कॅलेंडरवर लिहायचं आणि रात्री जेवताना ते मुलांनी वाचायचं. मी नाही वाचायचं. परवा शुक्रवारी रंगीत कपड्यांचा दिवस होता, मला तो मुलगा लाल टीशर्टमध्ये जिन्यातून उतरताना दिसला तेव्हा कळला.

दूध खात्यात पहिला आठवडा दूध जास्त आलं, पनीर झालं. मुलीला बिलाचा हिशोब जमतो, दूधवाल्या दादांनी एका दिवसाचं जास्त लावलेलं तिने पकडलं, मी कधी बघितलंच नसतं.

२१ डिसेंबर, रविवार

जाण्यायेण्याचं. सिंहस्थ २०२७ चा, त्याच्या कामांनी जिकडे तिकडे खोदकाम, आणि द्वारका चौकाचं तर काय सांगायचं. मी सव्वाआठला निघायचे तेव्हा सगळ्या शाळा आणि सगळ्या जनरल शिफ्टा एकाच वेळी रस्त्यावर. आठला पाच कमी असताना निघून बघितलं तर वीस मिनिटं आधी नाही, चांगली अर्धा तास आधी पोचले. मग ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये साडेआठ ते नऊ कुणी नसतं. हा सलग अर्धा तास. एक तासाचा निम्मा झाला, पण प्रकल्पाची अट सलग तासाची आहे त्यामुळे मोजत नाही, बोनस.

सिटीलिंकची बस पण करून बघितली, निमाणी स्टँडवरून. बसायला जागा मिळाली तर उत्तम, फोनवरची कामं, लाइट बिल, सगळं उरकतं आणि गाडीचं पेट्रोलही वाचतं. पण जाताना जागा मिळते आणि येताना मिळत नाही, आणि उभ्याने पर्स सांभाळत काही होत नाही. शिवाय निमाणीपासून घर. आठवड्यातून एखाद्या वेळी ठीक, रोजचं नाही.

४ जानेवारी २०२६, रविवार

पोळ्यांच्या मावशी लावल्या. महिना १८०० ठरले. पहिल्याच आठवड्यात अडचण, त्या साडेसातच्या आत येऊ शकत नाहीत कारण त्यांचीही घरची सकाळ असते, आणि ह्यांची फर्स्ट शिफ्ट असली की हे सव्वासहाला बाहेर. माझ्यासाठी कुणीतरी अजून लवकर उठायचं हे मला मागवेना. म्हणून संध्याकाळी सातला, रात्रीच्या आणि सकाळच्या डब्याच्या एकदमच. आईंना शिळी पोळी डब्यात देणं पसंत नाही, आठवडाभर त्या काही बोलल्या नाहीत म्हणजे बोलल्याच. तडजोड निघाली ती अशी की फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात डब्याला फोडणीची पोळी नाहीतर थालीपीठ, आणि मुलांच्या तेवढ्या मी सकाळी ताज्या लाटते, पाच-सहाच असतात.

१८०० हा आकडा घरात बोलताना जरा अडखळलेच, आणि मग डबे, पेट्रोल, हॉटेलातून ऐनवेळी मागवलेलं जेवण हे सगळं काढून बघितलं. बाहेरून मागवणं डिसेंबरात जवळपास बंद झालंय, ते नोव्हेंबरात ह्याच्यापेक्षा जास्त होतं.

१८ जानेवारी, रविवार

संक्रांत झाली, हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत, म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत चालू. रोज कुणाकडे तरी बोलावणं. ह्या वेळी मी ठरवून तीनच घरं घेतली आणि आमच्याकडचं शनिवारी उरकलं, वाण म्हणून ते उरलेले छोटे स्टीलचे डबे वापरायचा मोह झाला होता पण चारच होते.

सध्याची स्थिती. तास मिळतो रात्री पावणेनऊ ते पावणेदहा, आतल्या खोलीत, दार लावून. आठवड्यातून चार दिवस नक्की, पाचव्याचा भरवसा नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात हे घरी नसतात त्यामुळे दारावर टकटक जास्त होते, त्यावर उपाय सापडलेला नाही. मुलगा दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवतो, त्यात "महत्त्वाचं नाही पण" असं लिहिलेलं असतं.

खर्च आजपर्यंत डबे ११६०, फ्रीजवरचं कॅलेंडर ४०, मावशींचे महिन्याचे १८००. बंद केलेलं म्हणजे टायमर, पहाटेचा गजर, रविवारचे चार तास, आणि व्हॉइस मेसेज. चालू आहे ते लसूण-वाटण, दोनदाच एंट्री, लवकर निघणं, खाती.

मशीनला उशिरा सुरू व्हायची सोय आहे हे मला काल कळलं, तीन वर्षं घरात आहे. रात्री कपडे टाकून पहाटे साडेपाचला पाणी आल्यावर ते आपोआप सुरू व्हावं असा बेत केला, पण पाणी आलं सहाला आणि मशीन एरर दाखवून पिपाण्या वाजवत बसलं, सगळं घर जागं. उद्या सव्वासहाची वेळ लावून बघते.